बारावी जागा

मंगळवार, ४ तारीख

ताई,

काय झालं ते आधी क्रमाने सांगते. बाकीचं नंतर.

१. काल दुपारी बायबल अनुवाद समितीची बैठक झाली. मी नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, प्रोजेक्टरपाशी होते.

२. तिसरा विषय असा होता: तपासनीस क्रमांक ७ यांना कामातून मुक्त करणे. कारण: आक्षेप फार, त्यामुळे विलंब.

३. बाबा उभे राहिले. म्हणाले, "सात नंबरला काढणार असाल तर आधी मला काढा."

४. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्ही ओळखता का त्यांना?"

५. बाबा म्हणाले, "ओळखतो. माझी थोरली मुलगी आहे ती."

६. बैठक तिथेच आटोपली.

७. संध्याकाळी मी तुझं खातं बंद केलं. आज तुला फाइल उघडता आली नसेल त्याचं कारण हे. बिघाड नाही.

तू घर सोडल्यापासून मी तुला लिहिलेलं घरचं असं हे पहिलंच पत्र. कागदावर लिहितेय, कारण कार्यालयाच्या सर्व्हरवरून घरगुती काही जाऊ नये असं मला वाटतं. गेली दोन वर्षं आपण एकमेकींना लिहिलं ते असं: "फाइल मिळाली." "शेऱ्यांसह परत पाठवत आहे." "पान ४१ वरचा ग्रीक फाँट तुटला आहे, कृपया पाहावे." तू मला 'कृपया' लिहायचीस आणि मी खाली 'आपली विश्वासू, तांत्रिक विभाग'. पान ४१ वरचा फाँट तुटलेला नव्हता. त्यानंतर ज्या ज्या पानांबद्दल तू तक्रार केलीस, त्या पानांवरचाही नव्हता. मी दर वेळी तपासायची आणि कळवायची, "दुरुस्त केला आहे."

तुझा अर्ज आला तेव्हा मी माझं काम केलं, म्हणजे नाव काढून आकडा लावला. अनुवादकाला तपासनीस कोण ते कळू नये आणि तपासनिसाला अनुवादक कोण ते कळू नये, यासाठीच मला पगार मिळतो. निवड सल्लागार बाई करतात. त्या बाहेरच्या, त्यांना आपलं घर ठाऊक नाही. त्यांनी तुझी चाचणी वाचली आणि 'यांना घ्या' म्हणाल्या. सात नंबर रिकामा होता. नियम अकरा सांगतो की अनुवादक आणि तपासनीस एकमेकांना ओळखत असतील, तर त्यांनी तसं जाहीर करावं, नाहीतर तपासलेलं सगळं काम रद्द. त्यात तांत्रिक विभागाचा उल्लेख नाही. मी तो नियम पुन्हा वाचून खात्री करून घेतली होती. जाहीर तूही केलं नाहीस. मसुदा बाबांचा आहे ते तुला पहिल्याच परिच्छेदात कळलं असणार. इतके अर्धविराम दुसरं कोण वापरतं?

म्हणजे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाबांना माहीत नव्हतं. काल दुपारपर्यंत माझी अशी समजूत होती.

घरी येताना बसमध्ये बाबांना विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच फाइलला."

"कशावरून?"

"पहिल्या पानावरच्या सगळ्या चुका काढल्या होत्या आणि एक सोडली होती. तीही सगळ्यात ढोबळ, आंधळ्यालासुद्धा दिसेल अशी. मुद्रितं तपासायला मीच शिकवलं तिला तसं. एक चूक समोरच्याला सापडू द्यावी, म्हणजे त्याचीही लाज राहते."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर नियम अकरा." तिकिटं खिशात ठेवत म्हणाले, "तूही बोलली नाहीस."

"मला कोणी विचारलं नाही."

"हं. माझीच मुलगी तू."

आईने दार उघडलं. बाबा चपला काढता काढता म्हणाले, "आज सगळ्यांना कळलं."

"काय? सात नंबर आपली आहे ते?" आई म्हणाली. "सुटले बाई एकदाची! मला वाटलं, मी हे पोटात घेऊनच वर जाणार."

बाबा एक चप्पल हातात धरून तसेच उभे. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? दोन वर्षं रोज जेवताना एका माणसाला शिव्या घालता. आणि त्याचा शेरा आला नाही की अर्ध्या ताटावरून उठता. असा परका माणूस असतो होय कुठे?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या घरात तीन मुठी होत्या आणि तिन्हींत एकच दाणा. काल त्या उघडल्या. मला हलकं वाटलं, ही फक्त नोंद. पुढचं काही ठरलेलं नसताना हलकं वाटायला कारण नव्हतं.

पुढचं असं आहे. नियम अकरा लावला तर तू तपासलेलं सगळं रद्द होईल. म्हणजे चारही शुभवर्तमानं. म्हणजे बाबांची नऊ वर्षं. सल्लागार बाई परवा येतायत, निर्णय त्यांचा.

बुधवार, ५ तारीख

सल्लागार बाईंनी विलंबाशी संबंधित सगळे शेरे मागवले आहेत. विलंब एकाच शब्दावरून झाला, त्यामुळे आज दिवसभर तुमच्या दोघांचं भांडण तारखेनुसार लावत बसले. तुम्ही दोघं त्याच्या आत होतात. बाहेरून ते कसं दिसत होतं ते तुला कळावं म्हणून लिहिते.

शब्द 'स्प्लांख्निझोमाय'. मला ग्रीक येत नाही, मला त्याच्या जागा येतात. बारा. बाराही पहिल्या तीन शुभवर्तमानांत. त्याच्या पोटातलं नाम 'स्प्लांख्ना', म्हणजे शरीराच्या आतले अवयव: काळीज, यकृत, फुप्फुसं, मूत्रपिंडं. जुने ग्रीक लोक बळी दिलेल्या जनावराचे हे अवयव भाजून सगळ्यांत आधी वाटून खात. पुढे माणसाच्या तीव्र भावनांचं घरही तेच झालं, रागाचंसुद्धा. आणि शुभवर्तमानांत हे क्रियापद येतं तेव्हा कोणीतरी कोणाचं तरी दुःख पाहतं आणि त्याच्या आत काहीतरी होतं. काय होतं, यावर तुम्ही दोन वर्षं भांडलात.

बाबांचा पहिला मसुदा, येशू गर्दी पाहतो त्या जागी: "त्याला दया आली." तुझा शेरा: "दया वरून खाली येते. हे आतून बाहेर येतं. दयेसाठी ग्रीकमध्ये वेगळा शब्द आहे आणि तो आपण आधीच वापरला आहे."

त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "फार शहाणा समजतो स्वतःला." समजतो! आई वाढता वाढता थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. आता कळतं की आम्ही तिघंही नाटक करत होतो आणि प्रेक्षक कोणीच नव्हता.

दुसरा मसुदा: "करुणेने त्याचं अंतःकरण भरून आलं." तुझा शेरा: "एवढे शब्द, आणि एकही दुखत नाही."

तिसरा मसुदा बाबांनी चिडून केला: "त्याच्या पोटात ढवळून आलं." आपल्याकडची रीत अशी की मसुदा पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला काय समजेल, ते तपासनिसाने शेजारच्या रकान्यात साध्या शब्दांत लिहायचं, स्वतःची अक्कल बाजूला ठेवून. तू लिहिलंस: "गर्दी पाहून त्याला मळमळलं." मी पलीकडच्या खोलीत होते. बाबांचं हसणं ऐकू आलं. एकटेच, बराच वेळ. तू गेल्यानंतर त्या खोलीतून तसा आवाज मी ऐकला नव्हता.

चौथा: "त्याचं आतडं पिळवटलं." तुझा शेरा: "स्प्लांख्नात आतडी धरत नाहीत. वरचे अवयव धरतात. शरीरशास्त्र पाहावे."

यावर बाबांनी जे उत्तर लिहिलं ते मी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलंय. "शरीरशास्त्र ग्रीकांचं ग्रीकांपाशी, आमचं सगळं पोटात होतं. भीतीचा गोळा पोटात येतो. गुपित पोटात राहतं. दुसऱ्याचा अपराध आम्ही पोटात घालतो. आणि पोटच्या पोराला पोटचं पोर म्हणतो. ज्याला हे मान्य नसेल त्याने दुसरी भाषा शोधावी."

तू एका ओळीत परत पाठवलंस: "मान्य. पोट ठेवा, आतडी काढा."

आणि मग "त्याच्या पोटात तुटलं" आलं. तेच राहिलं. समितीने ते अकरा ठिकाणी मंजूर केलं. अध्यक्षांनी समासात स्वतःच्या हाताने 'समर्पक' लिहिलं.

हेच शब्द त्याच खोलीत सहा वर्षांपूर्वी कोणी सुचवले होते, ते मी गठ्ठ्यात घातलेलं नाही. मागितलेलं नव्हतं. मी तेव्हा शिकत होते, खोलीत नव्हते. मला एवढंच माहीत आहे की तू तिथली सगळ्यात धाकटी मदतनीस होतीस, तू 'पोटात तुटलं' म्हणालीस, आणि अध्यक्ष म्हणाले, "हे देवाचं वचन आहे ताई, शेजारणीच्या गप्पा नाहीत. पूर्णविराम." मग सगळे हसले. तू बाबांकडे पाहिलंस. तू घरी येऊन बॅग भरायला लागलीस तेव्हा आईने काय झालं विचारलं. तू म्हणालीस, "त्यांना विचार, ते होते तिथे." आईने विचारलं. बाबा म्हणाले, "मी चष्मा पुसत होतो."

आपल्या घरात त्यानंतर याबद्दल कोणी एक अक्षर बोललं नाही.

तुम्हा दोघांना मी तो तक्ता पाठवला होता तो तुला आठवत असेल. बारा जागा, कर्ता कोण, आधीचं क्रियापद, नंतरचं क्रियापद. मी तो एका वेगळ्याच कामासाठी केला होता, शब्दांची एकवाक्यता तपासायला. पण शेवटचा रकाना भरल्यावर मला दिसलं की गोष्ट या शब्दावर कुठेच थांबत नाही. पोटात तुटतं आणि तो हात पुढे करतो. पोटात तुटतं आणि तो भाकरीची सोय बघतो. डोळ्यांना हात लावतो. जखमा बांधतो. एका विधवेला म्हणतो, रडू नकोस, आणि मग नुसतं म्हणून थांबत नाही. ज्याच्या पोटात नुसतं तुटलं आणि जो जागेवर बसून राहिला, असा बारांत एकही नाही. तक्त्यावर तुझा शेरा होता, "उपयुक्त." बाबांचा होता, "हं."

बारावी जागा बाबांनी रिकामी ठेवली. महिना गेला, दोन गेले. स्क्रीनवर ती ओळ पिवळी दिसत राहायची. मी एकदा म्हणाले, "अकरा ठिकाणी आहे तेच टाकायचंय. एका क्लिकचं काम. मी करू?"

"नको."

"का?"

"पुढचं क्रियापद बघ."

बघितलं. येशूने सांगितलेल्या गोष्टीतला वाया गेलेला मुलगा परत येतोय, अजून दूर आहे, बाप त्याला पाहतो, बापाला हे होतं, आणि पुढचं क्रियापद आहे 'धावला'.

"धावला," बाबा म्हणाले. "आणि मी खुर्चीत बसून शेरे वाचतोय." मला तेव्हा वाटलं, विलंबाबद्दल बोलतायत. मग म्हणाले, माझा चष्मा कुठे गेला बघ. तो कपाळावर होता.

तर सोमवारच्या विषयपत्रिकेतला विलंब हा होता. अध्यक्षांना वाटलं, सात नंबर अडून बसलाय. अडून बसले होते बाबा. ते गप्प राहिले असते तर ठपका तुझ्यावर आला असता, तुला काढलं असतं, काम पुढे गेलं असतं, आणि नियम अकरा कोणाला आठवलाही नसता. हे त्यांना माझ्याइतकंच स्पष्ट दिसत होतं. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होते. वर पाहिलं तर ते उभे होते. चष्मा डोळ्यांवर होता.

गुरुवार, ६ तारीख

सल्लागार बाई आल्या. बुटक्या, मोठ्या आवाजाच्या, बरोबर स्वतःचा पाण्याचा तांब्याएवढा थर्मास. गठ्ठा त्यांनी आमच्यासमोरच वाचला. 'मळमळलं'पाशी आल्यावर त्या हसल्या आणि थर्मासचं झाकण खाली पडलं. ते उचलायला अध्यक्ष वाकले, ही मला शुभ खूण वाटली.

"नियम अकरा कशासाठी आहे?" त्यांनी विचारलं.

"पक्षपात होऊ नये म्हणून," अध्यक्ष म्हणाले.

"मग दाखवा पक्षपात. कुठल्या पानावर आहे?" त्यांनी गठ्ठा पुढे सरकवला. "माझ्या सासूने मला तीस वर्षांत एवढं धारेवर धरलं नाही, जेवढं या मुलीने बापाला दोन वर्षांत धरलंय."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "नियम मोडलाय. मी मोडलाय. तिला माहीत होतं की नाही ते मला ठाऊक नाही, मला होतं."

"तिलाही होतं," मी म्हणाले.

मी बैठकीत बोलत नाही. सगळ्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं.

"आणि तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"मलाही. पण नियमात तांत्रिक विभाग नाही."

"आता येईल," बाई म्हणाल्या आणि तसं लिहूनही घेतलं. ताई, नियम अकरामध्ये आता माझ्यामुळे एक वाक्य वाढणार आहे. घराण्याचं नाव राहिलं.

मग अध्यक्ष बोलले. मला वाटलं, आता पूर्णविराम. पण ते बाबांकडे बघून म्हणाले, "तेव्हा ती हे म्हणाली होती, नाही का? पोटात तुटलं."

"हो."

"मी हसलो होतो."

"सगळेच हसले होते," बाबा म्हणाले. "मी सोडून. मी त्याहून वाईट केलं."

अध्यक्षांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "मला तेव्हा कोणी पटवून दिलं नाही. दोन वर्षं भांडून दिलं असतं तर पटलं असतं." एवढंच. ही माफी आहे की नाही ते मला ठरवता येत नाही, म्हणून शब्द जसेच्या तसे लिहिले.

बाईंनी निर्णय लगेच दिला नाही. कुठलीही पानं काढून ती तपासनीस क्रमांक ४ कडे पाठवायला सांगितली. क्रमांक ४ आपल्यापैकी कोणालाच ओळखत नाही. त्यांना तुझे शेरेही द्यायचे, आणि एकच प्रश्न विचारायचा: तपासनिसाने कुठे हात आखडता घेतलाय का? उत्तर सोमवारी.

पानं निवडायचं काम माझ्याकडे आलं असतं. मी ते सल्लागार बाईंकडे दिलं.

सोमवार, १० तारीख

उत्तर आलं. हात कुठेही आखडता घेतलेला नाही. दोन ठिकाणी क्रमांक ४ यांनी असंही नोंदवलंय की क्रमांक ७ 'विनाकारण कठोर' आहेत.

निर्णय: सगळं काम ग्राह्य. चारही शुभवर्तमानं. क्रमांक ७ रद्द, कारण आता तो आकडा कोणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. उरलेली एक जागा अनुवादकाने आणि आधीच्या तपासनिसाने समोरासमोर बसून भरावी आणि मग ते पान दोघांच्या नावाने छपाईला जावं. अर्थात त्यांची तयारी असेल तर. हे शेवटचं वाक्य सल्लागार बाईंनी घातलं, अध्यक्षांनी नाही.

मेल वाचून झाल्यावर मी कागदाच्या खोक्यावर बसले. प्रिंटरवाले काका म्हणाले, "काय झालं, बरं नाही वाटत का?" मी म्हणाले, "वाटतंय." ते म्हणाले, "मग असं तोंड का?" मी म्हणाले, माझं तोंड असंच आहे. ते म्हणाले, तेही खरंच.

घरी सांगितलं. आईने पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"म्हणजे सात नंबर गेली?"

"नंबर गेला."

"मग माणूस येऊ दे," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसून लगेच, "कांदा चिरत होते," म्हणाली. कांदा कुठेच नव्हता.

बाबा आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते ती तपकिरी बॅग घेऊन. आत दोन शर्ट, एक शब्दकोश आणि त्याच्या मानाने फार कमी जागा.

"कुठे?" आई म्हणाली.

"तिच्याकडे."

"न विचारता?"

"विचारायचं काय त्यात? त्या बापाने विचारलं होतं?"

"त्या गोष्टीत घर बापाचं होतं," आई म्हणाली. "पोरगा दुरून येत होता आणि हा आपल्याच उंबऱ्यातून धावला. इथे घर तिचं आहे. दुरून येणारे तुम्ही आहात. दार उघडायचं की नाही ते तिने ठरवायचं."

बाबांनी बॅग खाली ठेवली. नऊ वर्षं ते हे वाक्य उलटसुलट करतायत. मला वाटतं, हा अर्थ कुठल्याच कोशात मिळाला नव्हता. खाली बसले. म्हणाले, "ही बाई समितीवर का नाही?"

"मला बोलावलं कोणी?" आई म्हणाली.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अशी कामं माझ्याकडेच येतात.

ताई, या क्रियापदाचं नाम बायबलमधल्या पत्रांमध्येही येतं. तुरुंगातून लिहिलेलं एक अगदी छोटं पत्र आहे, जेमतेम पानभर. त्यात ते तीनदा येतं. मी ते आज फाँट तपासण्यासाठी उघडलं होतं. लिहिणारा एका माणसाला परत पाठवतोय, ज्याच्याकडे पाठवतोय त्याचं आणि या माणसाचं बिनसलेलं आहे, आणि तो लिहितो की मी पाठवतोय तो माणूस म्हणजे माझं काळीजच आहे, त्याला आत घे. मी असं काही लिहिणार नाही. मला ते जमत नाही आणि तू हसशील. मी एवढंच लिहिते की बाबांना गाडीत खालचा बर्थ लागतो. दोन्ही वेळची गोळी आठवण करून द्यावी लागते, नाही म्हणतात आणि मग घेतात. तुझ्या घरात जिने असतील तर आधी सांग. पोचल्यावर पाच मिनिटांत अर्धविरामांवरून वाद काढतील. तो काढू दे, तोवर त्यांना दुसरं काही बोलता येणार नाही.

तोंडाने माफी मागतील की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही. गेल्या सोमवारी उभे राहिले ते मी पाहिलं. तेवढ्याची देऊ शकते.

तुला हे सगळं नको असेल तर तेही चालेल असं मी लिहिणार होते. ते खरं नाही, म्हणून लिहीत नाही. पण नको म्हणालीस तर मी त्यांना सांगेन, नीट सांगेन, आणि बारावी जागा आहे तशीच पिवळी राहील. एका क्लिकने मी ती भरणार नाही.

गाडी शनिवारी, २२ तारखेला सकाळची आहे. तिकीट बुधवारी संध्याकाळी काढावं लागेल. तेव्हा बुधवार, १९ तारखेला दुपारपर्यंत कळव, त्यांनी यावं की नाही. खातं बंद आहे, त्यामुळे फाइलवर शेरा टाकता येणार नाही. घरचा फोन नंबर तोच आहे. दुपारी मी घरी असेन, रजा टाकली आहे.

तुझी,
धाकटी